छंद, तबला आणि एम-थ्री

"तुमचे छंद कोणते?" हा प्रश्न आपल्याला आयुष्यात साधारण दोन वेळा विचारला जातो. पहिल्यांदा शाळेत, 'माझा आवडता छंद' या निबंधात. तेव्हा वर्गातले निम्मे लोक तिकिटं जमवतात आणि उरलेले बागकाम करतात. दुसऱ्यांदा बी.ई.ला, बायोडेटा भरताना. तिथे 'हॉबीज' नावाची एक ओळ असते. ती रिकामी ठेवायची नसते, म्हणून आपण 'वाचन, संगीत ऐकणे, प्रवास' असं लिहून मोकळे होतो. या दोन प्रश्नांच्या मधल्या काळात आपल्या छंदांचं नेमकं काय होतं आणि त्यात आपण काय गमावतो, याबद्दल मला लिहायचं आहे.

काय होतं ते तर सगळ्यांना माहीतच आहे. दहावीचा निकाल लागतो, अकरावीचा क्लास लावला जातो आणि घरात एक वाक्य ऐकू येतं : "आता दोन वर्षं हे सगळं बंद. एकदा ॲडमिशन मिळाली की कर हवं तेवढं." आई-बाबांचं काही चुकत नाही, त्यांना काळजी असते. पण ॲडमिशन मिळाल्यावर काय होतं? एफ.ई.ला ग्राफिक्सच्या शीट्स, एस.ई.ला एम-थ्री, टी.ई.ला सबमिशन आणि ओरल, बी.ई.ला कॅम्पस. आमच्या हॉस्टेलच्या एका विंगमध्ये बासरी वाजवणारा एक आहे, जिल्हा पातळीवर बुद्धिबळ खेळलेला एक आहे आणि इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेत 'अ' श्रेणी मिळवलेले दोघे आहेत. आज यातलं कोणीही यातलं काहीही करत नाही. "वेळच मिळत नाही रे," हे उत्तर चौघांचंही तयार आहे.

मी स्वतः तबला वाजवतो. फार मोठा वादक वगैरे नाही. लहानपणापासून क्लासला जात होतो, मध्यमापर्यंतच्या परीक्षा दिल्या, इतकंच. बारावीच्या वर्षी माझाही तबला माळ्यावर गेला होता. एस.ई.ला तो खाली आला आणि हॉस्टेलवर कॉटखाली येऊन राहिला. "यातून पुढे काय मिळणार?" हा बाबांचा प्रश्न होता. छंदामुळे ताण कमी होतो, व्यक्तिमत्त्व विकास होतो, अशी उत्तरं आपण भाषणांतून नेहमी ऐकतो. ती खोटी नाहीत, पण फार मोघम आहेत. म्हणून इथे मी एकच छंद घेऊन तो विद्यार्थ्याला नेमकं काय शिकवतो ते सांगायचा प्रयत्न करतो. तबला येत नसेल तरी काही बिघडत नाही. गणित बेरजेपासूनच सुरू होतं.

समेचं गणित

तीनतालाच्या सोळा मात्रा असतात. पहिली मात्रा म्हणजे सम. सोळा मात्रा संपल्या की पुन्हा सम येते आणि चक्र चालू राहतं. आता वादकाला समेवर झोकात यायचं असेल तर तो तिहाई घेतो. म्हणजे काय, तर एकच तुकडा तीन वेळा वाजवायचा आणि तिसऱ्या वेळचा शेवटचा 'धा' बरोबर समेवर पाडायचा. मैफलीत याच 'धा'वर लोक मान डोलावतात.

समजा आपण समेपासूनच तिहाई उचलली आणि पुढच्या समेवर संपवली. मग एकूण मात्रा किती? सोळा आणि शेवटची सम धरून सतरा. तुकड्याच्या मात्रा 'अ' आणि दोन तुकड्यांमधली विश्रांती 'ब' धरली, तर तीन 'अ' अधिक दोन 'ब' बरोबर सतरा. पूर्ण मात्रांतच राहायचं आणि विश्रांती घ्यायचीच असं ठरवलं, तर या समीकरणाला तीनच उत्तरं आहेत. पाच मात्रांचा तुकडा आणि एका मात्रेची विश्रांती, तीन मात्रांचा तुकडा आणि चार मात्रांची विश्रांती, किंवा एकच 'धा' आणि मध्ये सात मात्रा. करून बघा, चौथं उत्तर सापडणार नाही.

विश्रांती न घेता सलग वाजवली तर ती बेदम तिहाई. मग तीन 'अ' बरोबर सतरा व्हायला हवं, आणि सतराला तीनने भाग जात नाही. म्हणून तीनतालात समेपासून उचललेली पूर्ण मात्रांची बेदम तिहाई एका आवर्तनात बसत नाही. पण दोन आवर्तनं घेतली की तेहतीस मात्रा होतात, आणि अकरा त्रिक तेहतीस. बसली!

आता बारा मात्रांचा एकताल घ्या. एक आवर्तन म्हणजे तेरा, दोन म्हणजे पंचवीस, तीन म्हणजे सदतीस. तीनने भागल्यावर दर वेळी बाकी एकच उरते, कारण बारा स्वतः तीनच्या पाढ्यात आहे. कितीही आवर्तनं घ्या, समेपासून उचललेली पूर्ण मात्रांची बेदम तिहाई एकतालात बसणारच नाही. मग वादक काय करतो? तो दुसऱ्या मात्रेपासून उचलतो. आता समेसकट बाराच मात्रा उरल्या, चार-चारचे तीन तुकडे, काम झालं. आमच्या तबल्याच्या सरांनी हे 'मॉड्युलर ॲरिथमेटिक' असं नाव घेऊन कधीच शिकवलं नाही. ते म्हणायचे, "एकतालात समेवरून उचलू नकोस, एक सोडून उचल." पण डिस्क्रीट मॅथ्समध्ये कॉम्प्युटरवाल्या मित्राला बाकीचं गणित अडलं, तेव्हा मी त्याला ते टेबलावर ठेका धरून समजावलं, आणि त्याला ते समजलं.

हे नातं काही आजचं नाही. आपल्या छंदशास्त्रात लघू अक्षर एका मात्रेचं आणि गुरू दोन मात्रांचं. चार मात्रा लघू-गुरूंनी किती प्रकारे भरता येतील? पाच. पाच मात्रा? आठ. सहा मात्रा? तेरा. प्रत्येक संख्या ही आधीच्या दोन संख्यांची बेरीज. ज्याला आपण फिबोनाची सिरीज म्हणतो तीच ही. फिबोनाचीचं पुस्तक १२०२ सालचं; त्याच्या आधी विरहांकाने आणि बाराव्या शतकात हेमचंद्राने मात्रावृत्तं मोजताना हा नियम सांगून ठेवला होता. गंमत बघा, वृत्ताला आपल्याकडे शब्दच 'छंद' आहे. आणि आजचं उदाहरण हवं असेल तर मंजुल भार्गव. २०१४ साली त्यांना गणितातलं फील्ड्स मेडल मिळालं. ते तबला वाजवतात आणि उस्ताद झाकीर हुसेन यांच्याकडे ते शिकले आहेत.

शाईचं कोडं

आता मेकॅनिकलवाल्यांसाठी. कुठलंही साधं गोल कातडं ताणून बसवा आणि त्यावर थाप मारा. 'धप्' असा आवाज येतो, सूर लागत नाही. कारण काय? तार छेडली की मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशी वरची कंपनं निघतात. पूर्णांकांचं हे नातं कानाला सूर म्हणून कळतं. गोल पडद्याचं तसं नाही. वेव्ह इक्वेशन गोल पडद्यासाठी सोडवलं की बेसल फंक्शन्स येतात, आणि त्यातून निघणारी कंपनं मूळ कंपनाच्या १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट, २.६५ पट अशी आडनिडी असतात. त्यांचं एकमेकांशी जमत नाही, म्हणून नुसता धपका ऐकू येतो.

मग तबल्याला सूर कसा लागतो? उत्तर मधल्या काळ्या वर्तुळात, शाईत आहे. लोहचूर्ण आणि खळीचं मिश्रण थरावर थर देऊन, दगडाने घोटून ही शाई भरतात. मध्यभागी जाड, कडेला पातळ. इंजिनिअरिंगच्या भाषेत, पडद्याच्या मध्यभागी वजन वाढवलं. आता विचार करा. मूळ कंपनात पडद्याचा मध्य सर्वांत जास्त हलतो, त्यामुळे तिथल्या वजनाचा परिणाम त्याच्यावर सर्वांत जास्त. फ्रिक्वेन्सी खाली येते. पण दुसऱ्या कंपनात पडदा एका व्यासाच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने वर-खाली होतो आणि मध्य जवळपास स्थिर राहतो. त्याच्यावर वजनाचा परिणाम कमी. म्हणजे खालचं कंपन बरंच खाली आलं आणि वरचं थोडंसंच. दोघांमधलं गुणोत्तर १.५९ वरून वाढत जातं आणि शाई नीट भरली असेल तर दोनच्या जवळ येऊन थांबतं. हिशोब करायचा तर, मूळ कंपन साधारण वीस टक्के खाली आणायला हवं. आणि वस्तुमान वाढलं की फ्रिक्वेन्सी वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होते, हे तर आपल्याला पाठच आहे.

तबला वाजवणाऱ्यांसाठी यात आणखी एक गोष्ट आहे. 'ना' वाजवताना अनामिका शाईच्या कडेवर हलकी टेकवून ठेवायची, हे पहिल्या महिन्यात शिकवतात. ती उचलली तर हातावर फटका बसतो. का टेकवायची ते कोणी सांगत नाही. त्या बोटामुळे मधलं मूळ कंपन दबतं आणि व्यासाच्या दोन बाजूंना हलणारं दुसरं कंपन तेवढं उरतं. बोट उचलून 'थुं' वाजवला की तोच खालचा, घुमणारा मूळ आवाज येतो. व्हायब्रेशन्सच्या पुस्तकात 'नोडल डायमीटर' हा शब्द मी वाचला, तेव्हा त्याची व्याख्या मला पाठ करावी लागली नाही. दहा वर्षं मी त्यावर बोट ठेवून बसलो होतो.

तबला सुरात लावणं हाही एक प्रॅक्टिकलच आहे. गजऱ्यावर हातोडीने ठोकून सगळ्या बाजूंचा ताण सारखा करायचा. एका बाजूला ठोकलं की समोरची बाजू तपासायची. ताण सारखा नसेल तर एकाच कंपनाची दोन जवळजवळची कंपनं होतात आणि सूर थरथरतो. वर्कशॉपमध्ये सिलिंडर हेडचे बोल्ट समोरासमोर, थोडेथोडे आवळत जायला सांगतात, त्यामागचं कारण हेच : दाब सगळीकडे सारखा बसला पाहिजे. तिथे गॅस्केट गळतं, इथे 'ना' बेसूर होतो.

कचेरी सुटल्यावरचा संशोधक

तबल्याचं हे कोडं सोडवलं कोणी? सी. व्ही. रामन यांनी. १९२० साली शिवकाली कुमार यांच्याबरोबर त्यांनी 'नेचर' या नियतकालिकात यावर लिहिलं आणि १९३४ साली सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. पडद्याची नऊ कंपनं मिळून फक्त पाच सुरेल गट कसे तयार होतात, हे त्यांनी दाखवून दिलं. पहिला आणि दुसरा स्वर एकेका कंपनाचा, तिसरा आणि चौथा दोन-दोन कंपनांचा, आणि पाचवा तीन कंपनांचा. म्हणजे शाई भरणाऱ्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या नुसत्या कानाने जे साधलं होतं, ते रामन यांनी कागदावर मांडलं.

पण मला यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. १९०७ ते १९१७ अशी दहा वर्षं रामन हे सरकारच्या अर्थ खात्यात नोकरीला होते. हिशेब तपासणं हे त्यांचं काम. मुख्यतः कलकत्त्याला, मध्ये काही काळ रंगून आणि आपल्या नागपूरलाही त्यांची बदली झाली होती. कलकत्त्याला असताना कचेरीच्या आधी आणि नंतर ते 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स'च्या प्रयोगशाळेत जाऊन काम करत. व्हायोलिन, तारा, कंपनं हे त्यांचे तेव्हाचे विषय. या कामाच्या जोरावरच १९१७ साली ते नोकरी सोडून कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक झाले. पुढे १९२८ साली रामन परिणाम आणि १९३० साली नोबेल. तेव्हा वेळ मिळत नाही म्हणताना, दिवसभर हिशेब तपासून संध्याकाळी प्रयोगशाळेत जाणारा हा माणूस आठवायला हरकत नाही.

अशी उदाहरणं आणखीही आहेत. १७८१ साली युरेनस शोधणारा विल्यम हर्शेल हा व्यवसायाने संगीतकार होता आणि दुर्बिणीचे आरसे घरी घासायचा. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्सने आपली ऑपरेटिंग सिस्टीम लोकांना सांगितली, तेव्हा तो हेलसिंकीला विद्यार्थी होता आणि हा आपला छंद आहे असंच त्याने म्हटलं होतं. आज आपल्या लॅबमधल्या सर्व्हरपासून अँड्रॉइड मोबाइलपर्यंत तेच लिनक्स आहे. अर्थात, छंद धरला की नोबेल मिळतं असा याचा अर्थ काढू नका. हजारातल्या नऊशे नव्व्याण्णव लोकांना काहीही मिळत नाही. मलाही मिळणार नाही. मग तरी का करायचं?

छंद शिकायला शिकवतो

पहिलं कारण म्हणजे रियाज. नवा कायदा हातात बसवताना तो आधी विलंबित लयीत, एकेक अक्षर मोकळं ठेवून वाजवायचा. मग दुगुन, मग चौगुन. घाई केली की बोल चिकटतात आणि ते लगेच ऐकू येतं. म्हणजे चूक कुठे झाली ते त्याच क्षणी कळतं. आपल्या अभ्यासात काय होतं? डिसेंबरात पेपर लिहायचा आणि चूक कळायची फेब्रुवारीत, तीही फक्त आकड्यात. छंदामुळे चुकणं आणि सुधारणं हे रोजचं होतं, त्यात लाज वाटत नाही. ही सवय ज्याला लागली तो न्यूमरिकल सोडवतानाही अडतो कुठे ते शोधतो, नुसतं उत्तर उतरवून घेत नाही.

दुसरं, छंदात प्रश्न आपले असतात. जर्नलमधल्या प्रयोगाचं उत्तर आधीच्या बॅचच्या जर्नलमध्ये लिहिलेलं असतं. 'ना' थरथरतो का, याचं उत्तर कुठल्याही जर्नलमध्ये नसतं. ते शोधायला मी लायब्ररीत ध्वनिशास्त्राचं पुस्तक काढलं. सिलॅबसबाहेरचं पुस्तक स्वतःहून काढायची माझी ती पहिलीच वेळ.

तिसरं, माणसं. क्लासमध्ये माझ्या शेजारी आठवीतला मुलगा बसतो आणि त्याच्या शेजारी बँकेतून निवृत्त झालेले काका. तो मुलगा माझ्यापेक्षा चांगला वाजवतो. ब्रँच, रोल नंबर आणि पॉइंटर सोडून दुसरी कुठली ओळख असू शकते हे तिथे कळतं. ज्या सेमिस्टरला निकाल मनासारखा लागत नाही, तेव्हा या दुसऱ्या ओळखीचा फार आधार होतो.

आता सावधगिरीच्या दोन गोष्टी. छंद आणि टाइमपास यांत फरक आहे. टाइमपासही हवाच, पण तीन तास रील्स बघून आपल्याला आधीपेक्षा काही जास्त यायला लागत नाही. ज्यात काल न जमलेलं आज थोडं जमतं, तो छंद. आणि दुसरी गोष्ट : २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर कला, क्रीडा यांसारख्या गोष्टींना अभ्यासक्रमात क्रेडिट मिळू लागली आहेत. हे चांगलंच आहे. पण क्रेडिट आलं की अटेंडन्स येतो, सर्टिफिकेट येतं आणि छंदाचंही सबमिशन होऊन बसतं. क्रेडिट जरूर घ्या, पण क्रेडिट नसतानाही जे कराल ते एक काहीतरी जपा. आणि हेही प्रामाणिकपणे सांगतो, छंदामुळे के.टी. सुटत नाही. त्यासाठी अभ्यासच करावा लागतो.

मग आता काय करायचं?

फार काही नाही. रोज अर्धा तास. परीक्षेच्या आठवड्यात दहा मिनिटं, पण शून्य नाही, कारण एकदा शून्य झालं की माळ्यावर जायला वेळ लागत नाही. नवा छंद शोधायची गरज नाही, दहावीत जो सुटला तिथूनच उचला. आणि त्यात आपला सिलॅबस कुठे लपलाय ते बघत राहा. ट्रेकला जाणाऱ्यांनी दोराच्या गाठीतलं घर्षण बघावं, फोटो काढणाऱ्यांनी लेन्सचं गणित, पतंगवाल्यांनी लिफ्ट आणि ड्रॅग, स्वयंपाक करणाऱ्यांनी हीट ट्रान्स्फर. मोबाइलवर स्पेक्ट्रम दाखवणारी फुकट ॲप्स मिळतात. त्यात तबल्याचा 'ना' आणि डफाची थाप आळीपाळीने रेकॉर्ड करून बघा. फुरिअर सिरीज कशासाठी शिकतो हे पाच मिनिटांत दिसेल.

बाबांच्या प्रश्नाला मी आता असं उत्तर देतो : यातून पुढे काय मिळेल ते सांगता येत नाही, पण आत्ता शिकायला मजा येते. ते हसतात, पण मागच्या सुट्टीत डग्ग्याची पुडी फाटली तेव्हा ती बदलून आणायला तेच गेले होते.

तर मित्रांनो, कॉटखाली, माळ्यावर, कपाटाच्या वरच्या खणात जे काही गुंडाळून ठेवलं असेल ते या सेमिस्टरला बाहेर काढा. धूळ झटका. आधी हात चालणार नाही, सूरही लागणार नाही. विलंबित लयीत सुरुवात करा.